टर्बो घेऊ का साधी? कॅलगरीच्या कराडकराला उत्तर

पत्र असं आलंय:

"दादा नमस्कार. मी मूळचा कराडचा, नोकरीमुळं सध्या कॅनडात कॅलगरीला आहे. मागच्या हिवाळ्यात मित्रांनी डोंगरातल्या रेव्हलस्टोक गावाला नेलं, तिथं भाड्यानं स्नोमोबाईल चालवली आणि अक्षरशः येड लागलं. आता स्वतःची घ्यायचीये. दोन मशीन डोळ्यापुढं आहेत. एक नवी कोरी स्की-डू समिट, ८५० टर्बो आर, १६५ इंची ट्रॅक, डीलर हप्त्यावर द्यायला तयार आहे. दुसरी पोलारिस आरएमके ८५०, टर्बो नाही, १५५ इंची ट्रॅक, तीन सीझन वापरलेली, नवीच्या निम्म्याहून कमी पैशात मिळतीये. ग्रुपमधले सगळे म्हणतात डोंगरात पॉवरच लागते, टर्बोशिवाय काही खरं नाही. बाबा एसटीत मेकॅनिक होते, त्यांना व्हिडिओ कॉलवर दोन्ही दाखवल्या, ते म्हणाले 'जी लांब रानात बंद पडणार नाही ती घे, बाकीचं नंतर'. घराचा हप्तापण चालू आहे. मी पार गोंधळलोय. काय करू? नाव छापू नका."

भावा, आधी उत्तर सांगतो मग कारणं सांगत बसतो. पोलारिस घे. पण उघडून तपासल्याशिवाय एक डॉलरसुद्धा मालकाच्या हातात ठेवू नको, आणि तपासणीत ती नापास झाली तर दुसरी बिनटर्बोची शोध, टर्बोकडं यंदा जाऊच नको. साताऱ्यात गॅरेज टाकायच्या आधी मी अल्बर्टातच, म्हणजे तुझ्या कॅलगरीच्याच राज्यात, असल्या मशीनच्या वर्कशॉपमध्ये काम केलंय, त्यामुळं तू जे दोन मशीन सांगतोयस त्या दोन्ही जातीची इंजिनं या हातांनी उघडलीत, ऐकीव माहितीवर बोलत नाहीये.

आता इथं वाचणाऱ्या बाकीच्या मंडळींसाठी थोडक्यात, कारण आपल्या सातारा-सांगलीत हे मशीन कोणी बघितलेलं असायचं कारण नाही. पुढं दोन स्की, मागं चाकांच्या जागी एकच लांब रबरी पट्टा, त्याला ट्रॅक म्हणतात, आणि डोंगरातल्या मशीनच्या ट्रॅकवर अडीच-तीन इंच उंचीची रबरी पाती असतात. आपल्याकडं भाताच्या खाचरात ट्रॅक्टरला केजव्हील लावतात ना, चिखलात रुतू नये आणि पकड मिळावी म्हणून, तेच काम ही पाती भुसभुशीत बर्फात करतात. इंजिन टू-स्ट्रोक, दोन सिलेंडर, आणि गिअर नाहीत, स्कूटीसारखा बेल्ट आणि दोन क्लच. ड्राय वजन दोनशे किलोच्या आसपास आणि ताकद दीडशे हॉर्सपॉवरच्या वर, म्हणजे आपल्या रस्त्यावरच्या बऱ्याच कारपेक्षा जास्त ताकद आणि वजन त्यांच्या पाचव्या हिश्श्याचं. म्हणून येड लागतं, त्यात पोराचा काही दोष नाही.

तुझे मित्र खोटं बोलत नाहीयेत, हे आधी मान्य करतो. डोंगरात पॉवर लागते, आणि का लागते ते समजून घे म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. खोल ताज्या बर्फात मशीन तरंगतं ते ट्रॅकच्या स्पीडवर, ट्रॅक जोरात फिरत राहिला की मशीन वर राहतं, स्पीड पडला की मागची बाजू खाली बसते आणि खड्डा खणायला लागते. आता उंचीवर हवा विरळ, हवा कमी म्हणजे सिलेंडरमध्ये ऑक्सिजन कमी, म्हणजे ताकद कमी. धोपट हिशोब असा की दर हजार फुटाला साधारण तीन टक्के ताकद जाते. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास, तिथं गाडी जरा मंदावते तरी आपल्याला फारसं जाणवत नाही, पण तू रेव्हलस्टोकला जिथं फिरतोस तिथं वर दोन हजार मीटर ओलांडलेलं असतं. समुद्रसपाटीला १६५ हॉर्सपॉवर देणारं साधं ८५० इंजिन तिथं १३०-१३५ च्या आसपास येतं. टर्बो ती विरळ हवा दाबून आत भरतो, त्यामुळं ताकद फारशी पडत नाही. स्की-डूनं कंपनीतूनच बसवलेला टर्बो २०२१ च्या मॉडेलला आणला, तो ८००० फुटांपर्यंत १६५ टिकवायचा, मग २०२३ च्या मॉडेलपासून टर्बो आर आला तो १८० चा. पोलारिसनंही २०२२ च्या मॉडेलला स्वतःचा टर्बो आणला, त्यांचा तो बूस्ट. म्हणजे वर गेल्यावर तुझ्या दोन पर्यायात फरक पंधरा हॉर्सपॉवरचा राहत नाही, पंचेचाळीस-पन्नासच्या घरात जातो. मोठा फरक आहे. मशीनवर बसून अंगठ्यानं थ्रॉटल दाबला की पोटात गोळा येतो इतका मोठा.

मग मी नको का म्हणतोय? कारण ही पन्नास हॉर्सपॉवर तुझ्या दुसऱ्या सीझनला तुझ्या काय कामाची, हा प्रश्न तुझ्या ग्रुपमध्ये कोणी विचारलेला दिसत नाही.

नवशिका कुठं अडकतो ते मी बघत आलोय. चढावर मशीन जरा हळू झालं की तो घाबरून अंगठा पूर्ण दाबतो, ट्रॅक जागेवर गरगर फिरतो, आणि दोन-तीन सेकंदात मशीन सीटपर्यंत बर्फात. टर्बोवर हे अजून लवकर होतं एवढंच. मग उतरायचं, उतरलं की आपण कंबरेएवढे आत जातो, ट्रॅकच्या पुढचा आणि पाय ठेवायच्या बोर्डाखालचा बर्फ फावड्यानं काढायचा, स्कीच्या पुढं वाट तुडवून घट्ट करायची, स्कीचा लूप धरून मशीन उताराच्या बाजूला वळवायचं, आणि हे सगळं जाड कपड्यात, घामानं आतून ओलं होत, विरळ हवेत. दिवसातून असं तीनदा झालं की चौथ्यांदा फावडं उचलायचं त्राण राहत नाही. मशीन एका बाजूला कलवून वळवता येणं, चढाच्या आडवं चालवता येणं, कुठं थांबायचं आणि कुठं अजिबात थांबायचं नाही हे कळणं, हे आलं की १३० हॉर्सपॉवरमध्ये माणूस अशा जागी जातो की टर्बोवाला खालून बघत राहतो. आणि हे शिकायला जरा छोटा ट्रॅक बरा. १६५ इंची सरळ चढाला भारी, पण झाडांमधून वळवायला नवख्याच्या अंगावर येतो, १५५ वळतो. तुझं वजन नव्वदच्या खाली असेल तर १५५ तुला भरपूर आहे.

दुसरी गोष्ट मी जरा जास्त गंभीरपणे सांगणार आहे. पॉवर माणसाला अशा उतारावर घेऊन जाते जिथं त्याची समज अजून पोचलेली नसते. रेव्हलस्टोकच्या बोल्डर माउंटनवर एक उतार आहे, त्याला टर्बो हिलच म्हणतात. १३ मार्च २०१० ला तिथं दोनशेच्या आसपास लोक जमले होते, कोण सगळ्यात वर चढतो ही चढाओढ चालू होती, हिमस्खलनाचा इशारा आधीच दिलेला होता, तरी चढाई चालू होती आणि वरचा सगळा थर सुटून खाली जमलेल्या लोकांवर आला. दोघं गेले, कितीतरी जखमी झाले. कमी ताकदीचं मशीन घेतलं की आपण सुरक्षित असं मी म्हणत नाहीये, हिमस्खलन हॉर्सपॉवर विचारत नाही, साध्या मशीननंही उतार सुटतो. पण जे मशीन तिसऱ्याच दिवशी तुला ३५-४० डिग्रीच्या चढावर नेऊन ठेवतं ते मशीन तुला बर्फ वाचायला शिकायची सवडच देत नाही.

हिमस्खलनाचा अंदाज देणाऱ्या अॅव्हलांच कॅनडा या संस्थेचं ऑफिस रेव्हलस्टोकमध्येच आहे, त्यांचं रोजचं फोरकास्ट निघायच्या आदल्या रात्री आणि त्या सकाळी वाचायचं, आणि सीझन सुरू व्हायच्या आत एएसटी-१ हा हिमस्खलनापासून जपायला शिकवणारा कोर्स करायचा, स्नोमोबाईलवाल्यांसाठी वेगळी बॅच असते. ट्रान्सीव्हर (गाडलेला माणूस शोधायचं सिग्नलचं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी), फावडं, हे तीन अंगावर किंवा पाठीवरच्या बॅगेत, मशीनच्या डिकीत नाही, कारण मशीन एकीकडं आणि तू दुसरीकडं जाऊ शकतोस. बर्फाखाली गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटात काढला तर आशा चांगली असते, त्यानंतर झपाट्यानं कमी होते, म्हणजे तुला वाचवणारे फक्त तुझ्यासोबतचेच लोक, हेलिकॉप्टर त्या वेळात येत नाही. म्हणून ग्रुपमधल्या प्रत्येकाला ट्रान्सीव्हर वापरता येतो का हे विचार, आणि ज्याला येत नाही त्याच्यासोबत जाऊ नको, तो कितीही जिवलग असला तरी.

आता बाबांचं म्हणणं. बाबांनी एका वाक्यात जे सांगितलं ते मला फार पटलंय, कारण ज्या माणसानं डेपोत पहाटेच्या गाड्या वेळेवर बाहेर काढल्यात त्याला बंद पडणं म्हणजे काय ते कळतं. तुझ्या डोंगरात मोबाईलला रेंज नाही, संध्याकाळी चारलाच उजेड कमी व्हायला लागतो, आणि पार्किंगपर्यंत चालत यायचं म्हणलं तर खोल बर्फात एक किलोमीटरलाही जीव जातो. तिथं रिलायबल मशीन म्हणजे नुसती रिपेअरिंगच्या खर्चाची बचत नसते.

पण रिलायबिलिटी ही ब्रँडच्या नावात शोधू नको. स्की-डू का पोलारिस हे भांडण तिथल्या प्रत्येक पार्किंगमध्ये चालू असतं आणि कधी संपणार नाही. दोन्ही कंपन्या जुन्या, दोन्हींची ८५० इंजिनं चांगली, दोन्हींचे पार्ट कॅलगरीत मिळतात. माझ्या टेबलावर जी इंजिनं फुटून आली त्यातली बरीचशी मालकाच्या सवयीनं फुटलेली होती. एक उदाहरण सांगतो. एक गिऱ्हाईक मशीन ओढून घेऊन आलं, चालता चालता इंजिन जाम झालं म्हणून. हेड काढलं, सिलेंडर वर उचलला आणि पिस्टन हातात घेतला तर त्याच्या अंगावर चार ठिकाणी उभे ओरखडे, अॅल्युमिनियम घासून चकचकीत झालेलं, चारी कोपऱ्यांना सारखं. असा पिस्टन दिसला की विचारायचीच गरज नसते, थंड इंजिन सुरू करून लगेच फुल थ्रॉटल दिलाय. उणे वीसमध्ये रात्रभर ट्रेलरवर उभं असलेलं मशीन, पिस्टन आतून भराभर तापून फुगतो, बाहेरचा सिलेंडर अजून थंडगार कूलंटमुळं आक्रसलेलाच, मग मधली जागा संपते आणि पिस्टन घासतो. पाच मिनिटं थांबला असता तर मोठा खर्च वाचला असता. इंजिन सुरू कर, टेम्परेचरचा काटा हलेपर्यंत थांब, मग पहिले दोन-तीन किलोमीटर शांतपणे चालव, मित्र पुढं गेले तर जाऊ दे.

दुसरं मरण उलट्या बाजूनं येतं. या मशीनचं खरं कूलिंग होतं ते सीटखालच्या बोगद्यात ट्रॅकनं उडवलेला बर्फ कूलरवर आपटून. पार्किंगपासून वर केबिनपर्यंतची वाट मशीननं दाबून कडक केलेली असते, तिथं बर्फ उडतच नाही आणि इंजिन तापतं, ट्रॅकच्या आतल्या प्लास्टिकच्या स्लायडर पट्ट्यासुद्धा वितळायला लागतात. त्यासाठी स्क्रॅचर म्हणून स्प्रिंगच्या काड्या असतात, कडक वाटेवर त्या खाली सोडायच्या म्हणजे त्या बर्फ खरवडून वर फेकतात. जुन्या मशीनला त्या तुटलेल्या असतील तर नव्या टाक, किरकोळ खर्च आहे. बेल्ट तर उपभोगाचीच वस्तू समज, एक जादा बेल्ट कायम सोबत, आणि तो बदलायचा कसा हे घरी गॅरेजमध्ये हातमोजे घालून करून बघायचं, वर वादळात पहिल्यांदा करायचं नाही. नवा बेल्ट टाकल्यावर सुरुवातीला त्याला जरा सांभाळून चालवायचं. ऑइल कंपनीनं सांगितलेलंच, पेट्रोल ९१ ऑक्टेनचं.

टर्बोवर मी अविश्वास दाखवतोय असं समजू नको हं. पूर्वी लोक बाहेरून टर्बोचे किट बसवायचे, त्यातली बरीच इंजिनं लवकर गेली, ते नाव अजून टर्बोला चिकटलेलं आहे, पण कंपनीतून आलेला टर्बो ही वेगळी गोष्ट आहे, इंजिन, पेट्रोलचं मोजमाप, ऑइल सगळं त्या हिशोबानं केलेलं असतं. तरीपण जादा ताकद म्हणजे जादा उष्णता, क्लचवर आणि बेल्टवर जादा भार, बॉनेटखाली पार्ट जास्त आणि जागा कमी, आणि वॉरंटी संपल्यावर प्रत्येक काम महाग. जो माणूस वर्षाला पंचवीस-तीस दिवस डोंगरात असतो त्याला हे परवडतं आणि पोसवतं. तू कॅलगरीहून चारशेच्या वर किलोमीटर गाडी चालवून रेव्हलस्टोकला जाणार, मधे रॉजर्स पास हा घाट कधी बंद असतो, तिथं हायवेवर हिमस्खलन कोसळू नये म्हणून सैन्य तोफा डागून बर्फ आधीच पाडतं तेव्हा तासन्तास रस्ता अडवतात, नोकरी सांभाळून तुला एका सीझनला जेवढे दिवस मिळतील तेवढ्यासाठी हप्त्यावर टर्बो म्हणजे एकेक दिवस फार महाग पडतो. त्यात घराचा हप्ता चालू आहे म्हणतोस. बर्फात चालवायची वस्तू कर्जानं घेऊन घराचा हप्ता ओढाताण करून भरायचा, हे मला तुझ्यासाठी नको वाटतंय.

तर आता पोलारिस बघायला जायचंय. मालकाला आधीच सांग की मी येईपर्यंत मशीन सुरू करू नको. गेल्या गेल्या हात इंजिनवर ठेव, गरम लागलं तर मनात नोंद कर, थंड इंजिन कसं सुरू होतं ते त्याला दाखवायचं नाहीये बहुतेक. थंडच असेल तर सुरू कर, काय आवाज येतो ऐक, आयडल स्थिर राहतं का बघ, मग थोडं गरम झालं की बंद कर आणि कॉम्प्रेशन टेस्ट कर. गेज स्वस्त मिळतं, स्वतःचं घे. दोन्ही प्लग काढ, किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण) दाबलेला, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि काटा वर जायचा थांबेपर्यंत दोरी ओढ. आकडा किती आला यापेक्षा दोन्ही सिलेंडरचा आकडा सारखा आहे का हे जास्त महत्त्वाचं, दहा टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर मालक कितीही गोड बोलला तरी हात जोडून निघ. काढलेले प्लगपण बघ, एक काळा ओला आणि दुसरा पांढराफटक असेल तर एका सिलेंडरचं पेट्रोल नाहीतर हवा बिघडलेली आहे.

मग बाजूचं पॅनल उघडून बेल्ट काढ आणि क्लचच्या दोन्ही चकत्यांवरून बोट फिरव. गुळगुळीत पाहिजे. खाचा लागल्या, निळसर डाग दिसले, रबराचे काळे तुकडे कोपऱ्यात साचलेले दिसले, तर बेल्ट वारंवार फुटलेत. आणि एक प्रश्न नक्की विचार, क्लच कुठल्या उंचीसाठी सेट केलाय? क्लचमधली वजनं उंचीप्रमाणं बदलावी लागतात, नाहीतर इंजिन आपल्या जोमाच्या आरपीएमला, आठ हजारच्या आसपास, पोचतच नाही. सपाटीवरच्या सेटिंगचं मशीन वर नेऊन लोक म्हणतात साधं ८५० मेलेलं आहे, टर्बोच पाहिजे, आणि खरं कारण त्या तीन वजनांत असतं. एखाद्या जाणत्या मेकॅनिककडनं हे करून घेतलंस की तुझ्या पोलारिसमध्ये अशी ताकद सापडेल जी आधीच्या मालकाला कधी दिसलीच नाही.

पुढं समोरून खाली वाकून बघ, स्कीला धरणारे हात वाकलेत का, ते जिथं चॅसीला बसतात तिथं तडा, नवा रंग किंवा वेल्डिंग दिसतंय का, मशीन झाडावर आपटलेलं असेल तर इथंच कळतं. मागून उभा राहून बोगदा सरळ आहे का बघ. मागचा भाग उचलून ट्रॅक हातानं पूर्ण फिरव, किती पाती फाटलीत, चाकांच्या बेअरिंगचा खरखर आवाज येतो का. कूलंटची पातळी बघ, कूलरला पोचा असेल तर जोडाशी ओल आहे का. किलोमीटरवर फार विश्वास ठेवू नको, तो आकडा ट्रॅकच्या फिरण्यावरनं येतो आणि खोल बर्फात ट्रॅक जागेवर खूप फिरतो, त्यापेक्षा इंजिनचे तास बघ. चॅसी नंबर घेऊन कंपनीच्या साईटवर टाक, रिकॉल असतील तर त्यांचं काम झालंय का दिसेल, आणि अल्बर्टात रजिस्ट्रीच्या दुकानात लीन सर्च होतो तो कर, म्हणजे मशीनवर कोणाचं कर्ज बाकी नाही ना ते कळेल. या सगळ्याला दोन तास लागतील. मालक घाई करत असेल तर तेच उत्तर समज.

हे सगळं करायला जमणार नसेल तर थोडे पैसे देऊन एखाद्या वर्कशॉपला तपासायला लाव, पण ज्यांच्याकडनं तू नवी टर्बो घेणार होतास त्यांना नको.

आणि जे पैसे वाचतील ना, त्यातले थोडे आधी बाजूला काढून एएसटी-१, चांगला तीन अँटेनावाला ट्रान्सीव्हर, हिमस्खलनात फुगणारी एअरबॅगची बॅग, सॅटेलाइटवरनं मेसेज पाठवणारं उपकरण, ओढायचा दोर, छोटी करवत, जादा प्लग, जादा बेल्ट, आणि मशीन चालवायला शिकवणाऱ्या एखाद्या जाणत्याचा एक दिवसाचा क्लास. तो क्लास कधीच स्वस्त वाटत नाही, पण तुला पुढं जे वळवता येईल, जे चढता येईल, ते तिथंच पहिल्यांदा येईल. सॅटेलाइटच्या त्या उपकरणावर आईला रोज संध्याकाळी 'पार्किंगला पोचलो' एवढा एक मेसेज जायला लागला तर कराडात सुद्धा झोप लागेल.

टर्बो कधी घ्यायची विचारशील तर, ज्या सीझनला तुझ्या लक्षात येईल की मी नीट चालवलं, रेघ बरोबर धरली, योग्य ठिकाणी वजन टाकलं, आणि तरी मशीन दम टाकून थांबलं, आणि असं पुन्हा पुन्हा होतंय, त्या सीझननंतर. तेव्हा तू कुणाला विचारणारपण नाहीस. आणि तोपर्यंत ही टर्बो आर तीन वर्षं जुनी होऊन निम्म्या किमतीच्या आसपास कुणीतरी विकायला काढलेली असेल, पहिल्या मालकानं हप्ते भरून.

तुझ्या मित्रांना हे वाचायला दे, चिडतील थोडे, चालतंय. बाबांना सांग साताऱ्यातल्या गॅरेजवाल्याचं तुमच्याशी एकमत आहे, आणि तपासणीला जाशील तेव्हा त्यांना व्हिडिओ कॉलवर घे, फोन क्लचजवळ धर, तुला जे दिसणार नाही ते त्यांना दिसेल. दोन्ही सिलेंडरच्या कॉम्प्रेशनचे आकडे, इंजिनचे तास आणि काढलेल्या प्लगचा उजेडात घेतलेला फोटो मला पाठव, पैसे द्यायच्या आधी.